रंग : डबीतला आणि भिंतीवरचा

साडीच्या दुकानात गेलेल्या बायकांची एक सवय आपण सर्वांनी पाहिली आहे. गादीवर साड्यांचा ढीग पडलेला असतो, त्यांतली एक मनात भरते, किमतीची घासाघीसही होऊन जाते. आणि मग पैसे काढण्यापूर्वी ती साडी उचलून दुकानाच्या दाराशी नेली जाते. पदराचे टोक उजेडात धरून पाहिले जाते. "आत मोरपिशी वाटत होती, इथं नुसती निळीच दिसतेय की!" असा निकाल लागतो आणि साडी परत ढिगात जाते. दुकानदाराला या गोष्टीचे नवल वाटत नाही. पुस्तकाचा कसलाही आधार न घेता केलेला हा प्रयोग विज्ञानाच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. ज्या उजेडात वस्तू वापरायची त्याच उजेडात तिचा रंग पाहावा, एवढेच त्याचे सूत्र.

हीच माणसे घराला रंग द्यायला निघाली, की मात्र शेड कार्डावरच्या चार बोटे रुंदीच्या चौकोनावर बोट ठेवतात आणि मोकळी होतात. भिंत काही दाराशी नेता येत नाही हे खरे; पण उलट करता येते. रंगालाच भिंतीपाशी आणता येते. ते कसे, आणि का, याचा थोडा विचार या लेखात करायचा आहे. विषय घरगुती वाटेल. मानसशास्त्राच्या तासाला 'संवेदन' हे प्रकरण शिकताना मलाही त्यातले प्रयोग परीक्षेपुरतेच वाटत होते. पण मध्यंतरी आमच्या घरी जे घडले, त्यानंतर ते प्रकरण मी पुन्हा एकदा, निराळ्या कारणासाठी वाचले.

आमचे घर साताऱ्यात, जुन्या पेठेत आहे. माजघराला एकच खिडकी, तीही उत्तरेकडच्या बोळात उघडणारी. माजघरातून स्वयंपाकघरात जाताना एक पायरी उतरावी लागते. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आधी वडिलांनी ही खोली रंगवून घेतली. कार्डावरून फिकट पिस्ता रंग आम्ही सर्वांनी मिळून निवडला होता, म्हणजे चुकीचे श्रेय सर्वांचे. सगळे कसे एकसारखे दिसावे म्हणून दाराची चौकट, उंबरठा आणि पायरीची कडसुद्धा त्याच छटेच्या ऑइल पेंटने रंगवली. दिवसा खोली प्रसन्न दिसे. रात्री ट्यूबलाइट लावली, की दवाखान्यात बसल्यासारखे वाटे. पण तेवढे आम्ही चालवून घेतले. महिन्याभरात एका संध्याकाळी, दिवे लावण्याच्या आधी, आजी स्वयंपाकघरात जायला निघाली आणि पायरीवरून पडली. मनगटाचे हाड मोडले. प्लास्टर घातलेला हात मांडीवर ठेवून ती म्हणाली, "अगं, दार कुठं संपतं नि भिंत कुठं सुरू होते तेच मला कळेना." घरातल्या कोणालाही तोपर्यंत हे सुचले नव्हते.

रंग वस्तूत असतो अशी आपली समजूत असते. वस्तुतः तीन गोष्टी एकत्र आल्याशिवाय तो जन्मालाच येत नाही : पडणारा प्रकाश, त्यातला काही भाग शोषून उरलेला परत पाठवणारा पृष्ठभाग, आणि तो परत आलेला प्रकाश ग्रहण करणारे डोळे व मेंदू. रंगाच्या कंपनीच्या हाती यांतली फक्त मधली गोष्ट आहे. पहिली आपल्या खिडकीवर आणि दिव्यांवर अवलंबून, तिसरी घरातल्या माणसांवर. म्हणजे डबीत रंगाचा एकतृतीयांशच भाग विकत मिळतो म्हणा ना!

या तिसऱ्या गोष्टीची एक हकीकत मोठी उद्बोधक आहे. मिशेल शेव्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ साली पॅरिसच्या गोब्लँ या विख्यात विणकामशाळेत रंगाई विभागाचा प्रमुख झाला. त्याच्याकडे तक्रारी येत होत्या, की काही कापडांतला काळा रंग पुरेसा गडद उतरत नाही, फिका पडतो. शेव्रलने धागे तपासले. काळ्या रंगात खोट निघेना. शेवटी त्याच्या ध्यानात आले, की दोष रंगाईत नसून शेजारात आहे. निळ्याजांभळ्या धाग्यांच्या सान्निध्यात तोच काळा धागा मळकट दिसत होता. वर्षानुवर्षे प्रयोग करून १८३९ साली त्याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना परस्परांपासून दूर ढकलतात, हे त्याचे सार. लालाशेजारी करडा हिरवट दिसतो, पिवळ्याशेजारी तोच करडा निळसर. काळ्याच्या जवळ तो उजळतो, पांढऱ्याजवळ काळवंडतो. पुढे जोसेफ आल्बर्स या चित्रकार-शिक्षकाने याच विषयावर विद्यार्थ्यांकडून रंगीत कागदांचे असंख्य प्रयोग करवून घेतले आणि १९६३ साली त्यांचे पुस्तक केले.

वाचकांनी हा प्रयोग घरीच करून पाहावा. एकाच करड्या कागदाचे दोन लहान चौकोन कापा. एक गडद पिवळ्या आणि दुसरा गडद निळ्या पुठ्ठ्याच्या मधोमध ठेवा. दोन्ही तुकडे एकाच कागदाचे आहेत हे आपल्याला पक्के माहीत असते, आपणच ते कापलेले असतात. तरीही ते निरनिराळे दिसतात. माहीत असल्याचा काडीमात्र उपयोग होत नाही. मला या प्रयोगातली हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते. डोळ्यांना समजावून सांगता येत नाही.

आता हे आपल्या भिंतीला लावून पाहू. रंगारी पुष्कळदा नमुना म्हणून जुन्याच रंगाच्या भिंतीवर नव्या रंगाचे तीन-चार पट्टे शेजारी शेजारी मारतो आणि विचारतो, "यातला कोणता?" जुनी भिंत गुलाबी असेल, तर तिच्यावर ओढलेला कोणताही फिकट पट्टा हिरवट दिसणार. शिवाय ते पट्टे एकमेकांनाही ढकलत असतात. त्या गर्दीत आपण निवडतो तो रंग नसतो, दोन रंगांमधला फरक असतो. खोली रंगून झाली, जुना रंग झाकला गेला, शेजारचे पट्टे नाहीसे झाले, की तो फरकही नाहीसा होतो आणि उरतो एक अनोळखी रंग. "कार्डावर तर असा नव्हता!" या उद्गाराचा उगम बहुतेक वेळा इथेच असतो.

म्हणून नमुना भिंतीवर न लावता फळीवर लावावा. आम्ही हार्डबोर्डचे दोन-दोन फुटी तुकडे आणले. त्यांना आधी प्रायमर मारला, कारण कोऱ्या हार्डबोर्डची तपकिरी झाक वर येते आणि तो रंग पितोही. मग रंगाचे दोन हात दिले. एका हातावर निर्णय घेणे व्यर्थ. खालचा पृष्ठभाग त्यातून डोकावत असतो. कडेने दोन बोटे पांढरी पट्टी मोकळी सोडली. ही पट्टी महत्त्वाची. तिच्यामुळे फळी जुन्या भिंतीला टेकवली तरी दोन रंगांमध्ये एक तटस्थ कुंपण राहते, आणि पांढरे काय आहे याची डोळ्यांना आठवणही राहते. एका वेळी एकच फळी पाहायची, बाकीच्या उलट्या करून ठेवायच्या, असा आम्ही नियम केला होता. धाकट्या भावाने तो दिवसातून दहा वेळा मोडला.

ओल्या रंगावरून काही ठरवू नये, हेही सांगायला हवे. चुन्याचा हात ओला असताना जवळजवळ पारदर्शक दिसतो, आणि वाळत जाईल तसा पांढरा होतो. खडूची भुकटी आणि सरस यांचा जुना डिस्टेंपर वाळल्यावर बराच फिका पडतो. इमल्शनची गोष्ट उलटी. त्यातला चिकट घटक ओला असताना दुधासारखा पांढुरका असतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो; त्यामुळे रंग बहुधा किंचित गडद होतो. डबीचे झाकण उघडून "जरा फिकाच वाटतो, अजून स्टेनर घाला" म्हणणाऱ्याने एक दिवस दम धरावा.

खोलीच्या उजेडाबद्दल पाश्चात्त्य पुस्तकांत एक ठाम विधान आढळते : उत्तरेच्या खिडकीचा उजेड दिवसभर एकसारखा आणि थंड, निळसर असतो. युरोपात ते बरोबरच आहे. तिकडे मध्यान्हीचा सूर्य कायम दक्षिणेच्या बाजूला असतो. पण आपला सबंध महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. मुंबईत साधारण १५ मे आणि २७-२८ जुलैच्या सुमारास. या दोन तारखांच्या दरम्यान तो मध्यान्हीलादेखील उत्तरेकडे असतो, आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन उत्तरेच्या खिडकीतून आत येते. पुढे पावसाळ्याचे ढग येऊन ते झाकतात, म्हणून आपल्या फारसे लक्षात येत नाही. सांगायचे एवढेच, की ऑक्टोबरात पसंत केलेला रंग मे महिन्यात थोडा निराळा दिसला, तर रंगाऱ्याला दोष देऊ नये.

खिडकीतून येणारा उजेड सरळ आकाशातून येतो असेही नाही. दारात आंब्याचे झाड असेल, तर तो पानांवरून हिरवा होऊन येतो. आमच्या बोळात समोरच्या घराची विटकरी भिंत हातभर अंतरावर आहे. सकाळी अकराच्या सुमारास तिच्यावर ऊन पडते आणि आमच्या माजघरात चक्क तांबूस उजेड पसरतो. जन्मापासून त्या घरात राहूनही मी तो कधी पाहिला नव्हता. पांढऱ्या कडेची फळी भिंतीला टेकवली, तेव्हा तिची ती कडच गुलाबी झालेली दिसली. आपला मेंदू उजेडाचा रंग वजा करून टाकतो. मानसशास्त्रात त्याला रंगस्थैर्य म्हणतात. हे स्थैर्य नसते, तर संध्याकाळी आपल्याला स्वतःचा सदरा ओळखता आला नसता. पण ही वजाबाकी पूर्ण होत नाही; थोडी बाकी उरते, आणि तीच खोलीचा 'मूड' ठरवते. खाली फरशी लाल असेल तर तीही भिंतीच्या खालच्या भागावर आपला रंग टाकते. शहाबादी फरशी त्या मानाने सज्जन.

रात्रीच्या दिव्यांचे प्रकरण त्याहून अवघड आहे. पूर्वीच्या पिवळ्या बल्बचा प्रकाश सुमारे २७०० केल्व्हिन मानला जातो. बाजारात पांढरे म्हणून विकले जाणारे एलईडी पुष्कळदा ६५०० केल्व्हिनचे असतात. आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर. आणि केवळ एवढ्यानेच भागत नाही. दोन दिवे डोळ्यांना सारखेच पांढरे दिसले, तरी त्यांतल्या घटक रंगांचे प्रमाण वेगळे असू शकते. मग एका दिव्याखाली तंतोतंत जुळलेले दोन रंग दुसऱ्याखाली वेगळे पडतात. साडी आणि पोलक्याचा तुकडा यांच्या बाबतीत हा अनुभव कोणाला नाही? तेव्हा फळी सकाळी, भर दुपारी, तिन्हीसांजेला आणि दिवा लावून अशी चारही वेळा पाहिली पाहिजे. आणि दिवा बदलायचा असेल, तर तो रंगाच्या आधी बदलावा. एका बल्बच्या किमतीत जे काम होते, त्यासाठी चार लिटर रंग कशाला खर्च करायचा?

एवढे सगळे करूनही फळी आणि खोली यांच्यात एक फरक राहतोच. तो समजण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. समजा, पिवळ्या रंगाची एक भिंत तिच्यावर पडलेल्या पिवळ्या-तांबड्या प्रकाशापैकी शंभरातले ८० भाग परत पाठवते आणि निळ्यापैकी ४०. म्हणजे प्रमाण दोनास एक. पण खोलीत चार भिंती असतात. परत आलेला प्रकाश समोरच्या भिंतीवर आपटतो, आणि तीही पिवळीच. आता ८० चे राहिले ६४ आणि ४० चे राहिले १६. प्रमाण झाले चारास एक. तिसऱ्या आपटीला ते आठास एक होते. दोन भिंतींमधला कोपरा नेहमी अधिक गडद रंगाचा का दिसतो, याचे हेच कारण. तिथे प्रकाश अनेकदा इकडून तिकडे टोलवला जातो. म्हणून कार्डावर हवा तेवढाच पिवळा वाटणारा रंग चार भिंतींवर चढला, की हळदीत बुडवल्यासारखा वाटू लागतो. रंगारीकाका म्हणतात, "पसंत पडेल त्याच्या एक घर फिका घ्या." त्यांनी हे गणित कधी मांडले नसेल, पण उत्तर बरोबर आहे. फळीवरही हा परिणाम थोडासा पाहता येतो : एकाच रंगाच्या दोन फळ्या काटकोनात, उघडलेल्या वहीसारख्या उभ्या करा आणि आतल्या कोपऱ्यात बघा. आमचा एक सुंदर लिंबू रंग या परीक्षेत नापास झाला.

आता आजीकडे येतो, कारण हा सगळा खटाटोप तिच्यासाठी होता. वय वाढते तसे डोळ्यातले भिंग पिवळट होत जाते आणि निळा प्रकाश आत कमी शिरतो. मोतीबिंदूत हे फार वाढते. क्लोद मोने या चित्रकाराच्या डोळ्यावर १९२३ साली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर रंग विचित्र दिसतात अशी त्याची तक्रार होती. आजीच्या एका डोळ्याचे ऑपरेशन झालेले आहे, दुसऱ्याचे व्हायचे आहे. एकेक डोळा झाकून ती तीच फळी पाहू लागली, तेव्हा आम्ही चकित झालो. एका डोळ्याला फळी पांढरी होती, दुसऱ्याला "तुपासारखी". मग तिचा खरा रंग कोणता? आमच्या प्राध्यापकांना मी हा प्रश्न विचारला, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या विभागात न्या."

भिंतीच्या छटेवर इतके दिवस डोके लावल्यावर आम्हाला उमगले, की आजीच्या दृष्टीने छटेला जवळजवळ महत्त्वच नाही. दार, पायरी आणि विजेची बटणे भिंतीपासून वेगळी दिसणे हे महत्त्वाचे, आणि तो वेगळेपणा रंगात नसून उजळपणात हवा. फिकट हिरव्यावर फिकट गुलाबी आपल्याला वेगळा दिसेल. अंधूक दृष्टीला दोन्ही सारखेच. पृष्ठभाग किती प्रकाश परत पाठवतो हे शून्य ते शंभर अशा अंकांत मोजतात. ब्रिटनमध्ये अपंग व वृद्ध यांच्या सोयीसाठी इमारती कशा असाव्यात याचे जे मानक आहे, त्यात भिंत आणि दार यांसारख्या लगतच्या पृष्ठभागांत सुमारे ३० अंकांचे अंतर असावे अशी शिफारस आहे. घरी हे मोजायला यंत्र लागत नाही. चित्रकार पूर्वीपासून डोळे किलकिले करून पाहतात, तसे पाहावे. किंवा मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करावा. आमच्या पिस्ता खोलीचा असा फोटो काढला. चौकट, उंबरठा, पायरी काही म्हणजे काही दिसेना. नुसता एक करडा पडदा. वडील तो फोटो बराच वेळ हातात धरून बसले होते.

चौकटीसाठी शेवटी हिरमुजी रंग ठरला. आजीचे म्हणणे, पूर्वी घराची दारे अशीच तर असत. पिस्त्याचे खूळ आमचे. पण त्यालाही शास्त्राचा आधार सापडला. पुर्किन्ये या चेक शरीरशास्त्रज्ञाने १८२५ च्या सुमारास नोंदवून ठेवले आहे, की उजेड मंदावतो तसे लाल रंग आधी काळे पडतात आणि निळेहिरवे त्या मानाने उजळ राहतात. म्हणजे आजी ज्या वेळी पडली नेमक्या त्या वेळी, दिवेलागणीच्या आधी, तांबूस चौकट अधिकच काळी होणार आणि उजळ भिंतीत दार अधिकच ठसठशीत दिसणार. आम्ही हिरमुजीची एक फळी जुन्या चौकटीला बांधून तीन संध्याकाळ ही गोष्ट तपासली. आजी पलंगावरून सांगे, "दिसतंय... दिसतंय... आता लावा बाई दिवा."

भिंतींना फिकट मोतिया रंग दिला. त्यात स्टेनरचे प्रमाण कार्डापेक्षा निम्मे ठेवले. चमक नसलेला घेतला, कारण चकाकी असली की दिव्याचे प्रतिबिंब पडून आजीच्या डोळ्यांसमोर ठिपके येतात. पायरीच्या कडेवर दोन बोटे रुंदीचा पट्टा ओढला. तो मात्र पांढरा, कारण खालची शहाबादी काळसर आहे. उरलेला रंग एका बरणीत घट्ट झाकण लावून ठेवला आहे. छटेचा क्रमांक, स्टेनरचे माप आणि तारीख वडिलांनी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवली. त्याखाली भावाने "नापास : लिंबू" असे लिहिले आहे. लिंबू रंगाची ती फळी आता माठावर झाकण म्हणून आहे, आणि सकाळी अकरा वाजता समोरच्या भिंतीवर ऊन आले, की ती नारिंगी दिसते.